खरं जन्मसाल

माझ्या थोरल्या वहिनींना त्या हिवाळ्यात सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर स्वतःच्याच दाराच्या घंटेचा. घंटा त्यांची, दार त्यांचं, उठून कडी काढायची त्यांनी, आणि बाहेरचा पार्सलवाला तोंडभर हसून विचारायचा तो वरच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल. "आहेत ना त्या? आज परत दोन आलीत त्यांची."

मग वहिनी जिन्याच्या तळाशी उभ्या राहून वर ओरडायच्या, "अगं ए, आलं बघ तुझं खोकं! ऊठ, राज्याभिषेक करून घे."

वरून उत्तर यायचं, "आले हं ताई. तेवढी सही करा."

"सह्या करायला ठेवलंय मला," असं म्हणत त्या सही करायच्या. आणि सही अशी जोरात, की खालचा कागद फाटावा.

वरच्या मजल्यावर धाकट्या वहिनी राहतात. माझ्या दोन भावांच्या या दोन बायका. भाऊ दोघेही गेले. घर मात्र त्यांनी बांधलं तसंच आहे, खाली थोरल्याचं बिऱ्हाड, वर धाकट्याचं, मध्ये एक लाकडी जिना. मी त्यांची एकुलती एक नणंद. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत सगळी मुलं-नातवंडं त्या घरी जमतात, म्हणून मीही थोडी आधीच जाऊन राहते. खालीच राहते, कारण माझे गुडघे जिन्याला भितात.

एके काळी सुट्टीची खरेदी म्हणजे थोरल्या वहिनी. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा मी पिशव्या धरून त्यांच्या मागे मागे जायची. त्या दिसल्या की कापडवाला वरची चादर बाजूला सारून थेट खालच्या गठ्ठ्यात हात घालायचा. वाईट माल दाखवून वेळच जायचा, हे त्याला माहीत होतं. त्या कापड दोन बोटांत चोळायच्या, कडेचा एक धागा ओढून दाताखाली धरायच्या आणि म्हणायच्या, "ही लोकर नव्हे हो, लोकरीची नुसती आठवण आहे. आत ठेवा." बूट घ्यायचे तर आधी उलटे करून तळाचा टाका बघायच्या. घरी आलं की सगळं मोठ्या पलंगावर मांडलं जायचं, आणि माझ्या वडिलांपासून तान्ह्या पोरापर्यंत जो तो दाराशी घोटाळायचा. मला काय आणलं, मला काय? त्या वेळचा वहिनींचा चेहरा मला अजून दिसतो. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"मला आजवर कोणी फसवलं नाही," असं त्या सांगायच्या. आणि ते खरंही होतं.

मग धाकट्या वहिनींना त्यांच्या नातीनं फोनवरून सामान मागवायला शिकवलं. दोन-तीन वर्षांत घरातला सगळा बाजार जिना चढून वर गेला. मुलं दूरदूरहून त्यांच्या खात्यावर पैसे पाठवायची आणि सांगायची, "धाकटी आजी, सगळ्यांचं तूच बघ. तुझी पसंती मस्त असते." हे वाक्य थोरल्या वहिनींसमोर कोणी बोललं की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायच्या.

धाकट्या वहिनी मागवायच्याही जपून. फार स्वस्ताची जाहिरात आली की दुकानाचं नाव अक्षर न् अक्षर वाचायच्या. एखादा काना-मात्रा इकडचा तिकडे दिसला की फोन पालथा. 'तुमचा पत्ता अपुरा आहे, इथे दाबा' असा निरोप आला तर दाबायच्या नाहीत. खोकं फोडलं की नाव-पत्त्याची चिकटवलेली चिठ्ठी सोलून तिचे बारीक तुकडे करायच्या. जड खोकी मात्र त्या खालीच उघडायच्या, सामान तेवढं वर न्यायच्या आणि जाता जाता सांगायच्या, "ताई, खोकं बाहेर ठेवण्याआधी चिठ्ठी काढा हं. तिच्यावर सगळं असतं. माझं नाव, पत्ता, तुमच्या फोनचा नंबरसुद्धा." मी घरी नसले तर इथे विचारा, म्हणून खालच्या तारेच्या फोनचा नंबर त्या दुसरा नंबर म्हणून द्यायच्या.

"एवढी भीती वाटते तर पायांनी बाजारात जावं माणसानं," थोरल्या वहिनी मला म्हणायच्या. "आणि मी काय तिची मोलकरीण आहे, चिठ्ठ्या सोलत बसायला?" खोकं तसंच बाहेर जायचं, चिठ्ठीची बाजू रस्त्याकडे करून.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. धाकट्या वहिनींचं कागदावरचं जन्मसाल खोटं आहे. लग्न जमवताना त्यांच्या वडिलांनी दोन वर्षं कमी करून सांगितलं आणि मग सगळ्या कागदांवर तेच चढलं. त्यांची एक मावशी आमच्याकडे आली असताना गप्पांच्या ओघात हे बोलून गेली. तिच्यासमोर थोरल्या वहिनी आणि मी अशा दोघीच बसलो होतो. थोरल्या वहिनींनी तिथल्या तिथे बोटं मोजली आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपली धाकटी जाऊ आपल्याहून वयाने मोठी आहे. वर्षभराने का होईना, मोठी. मावशीने जीभ चावली. आम्हाला हे कळलंय, हे धाकट्या वहिनींच्याही कानावर गेलं. पण त्यावर कधी कोणी अक्षर बोललं नाही. थोरल्या वहिनी फार तर एवढंच म्हणायच्या, "आमच्या धाकटीचं काय बाई, तिचं वय तिच्या मर्जीने चालतं." आणि धाकट्या वहिनी खाली मान घालून म्हणायच्या, "हो ना ताई."

तर तो फोन आला तेव्हा मी आत वाटाणे सोलत होते. बाहेर थोरल्या वहिनींनी फोन उचललेला मला ऐकू आला. पलीकडच्या माणसाने काय विचारलं ते मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. त्याने धाकट्या वहिनींचं पूर्ण नाव घेतलं आणि तुम्हीच बोलताय ना, असं विचारलं. 'थांबा, हाक मारते' हे शब्द वहिनींच्या ओठांवर आले होते. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "मॅडम, या सुट्टीच्या खरेदीत ज्यांची पसंती सगळ्यात उत्तम ठरली, अशा मोजक्या ग्राहकांत तुम्ही आहात. आमच्या ऑफिसात तुमच्या पसंतीची उदाहरणं देतात."

पसंती! हा शब्द आणि वरच्या बाईसाठी?

"हो," वहिनी म्हणाल्या. "मीच बोलतेय."

हे मात्र मी ऐकलं. मग हसणं ऐकलं. थोरल्या वहिनी फोनवर कधी हसत नाहीत. त्यांना फोन म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी. "अहो, कापड कळायला बोटं लागतात," असं त्या सांगत होत्या. "धागा दाताखाली धरायचा. खरी लोकर कुरकुरत नाही." पलीकडचा माणूस बहुतेक एकेक प्रश्न विचारत असावा, कारण त्या रंगात येऊन उत्तरं देत होत्या. चांगली लोकर कशी ओळखायची, हे त्यांना कित्येक वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

मग आवाज बदलला. ती कोपऱ्यावरची बँक, असं त्या म्हणाल्या. धाकट्या वहिनींच्या आईचं माहेरचं आडनाव सांगितलं. मला वाटलं, एखादं पार्सल अडलंय आणि या आपल्या माहिती देताहेत. शेवटी जन्मतारीख. तारीख आणि महिना त्यांनी सरळ सांगितला. मग जरा थांबल्या, आणि साल सांगितलं ते एकदम खणखणीत आवाजात. वर म्हणाल्या, "नीट लिहून घ्या बरं का. लोक चुकीचं लिहितात."

मी हात पुसत बाहेर आले. "कोण होतं हो?"

"दुकानवाले. बक्षीस पाठवताहेत."

"कोणाला?"

"येईल तेव्हा कळेल," असं म्हणून त्यांनी मला चहा करायला सांगितला, आणि त्यात साखर जास्त घालायला.

त्यानंतर एका सकाळी धाकट्या वहिनी अंगावर शाल घेऊन खाली उतरल्या. "वन्सं, चला जरा माझ्याबरोबर. बँकेतून म्हणे फोन होता. माझ्या खात्याचं काहीतरी. खरा का खोटा कोण जाणे. मी 'बरं' म्हटलं आणि ठेवून दिला. बँक काय पळून जातेय? समोर बसूनच विचारू."

थोरल्या वहिनी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "बँकेचा? मीही येते की."

"नको हो ताई. मागे घंटा वाजली तर दार कोण उघडणार?"

बँकेतली मुलगी सर्दीने बेजार झालेली होती. नाक पुसत पुसत तिने सगळं सांगितलं. कोणा बाईने धाकट्या वहिनींचं नाव घेऊन बँकेला फोन केला होता. माझा मोबाइल हरवलाय, खात्याला हा नवा नंबर जोडा, असं म्हणत होती. नाव बरोबर, पत्ता बरोबर, आईचं माहेरचं आडनावही बरोबर. "नंबर एकदा बदलला असता ना आजी, तर आमचे सगळे निरोप तिला गेले असते आणि खातं रिकामं झालं असतं." त्या खात्यात सगळ्या घरादाराचे सुट्टीचे पैसे होते आणि धाकट्या वहिनींची स्वतःची सगळी पुंजी.

"मग बदलला का नाही?"

"जन्मतारखेत अडकली. साल चुकलं. मी पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच सांगितलं. म्हणून मी खातं थांबवलं." मुलगी समोरच्या पडद्यावर बघून हसली. "दोन वर्षं आधीचं साल सांगत होती. बघा ना, चोरांनी तुम्हाला उगीच म्हातारं करून टाकलं! पण देवाची कृपाच म्हणायची. तुमचं खरं साल त्यांना कळलं असतं तर काही खरं नव्हतं."

धाकट्या वहिनींनी मान वाकडी करून पडद्यावरचं साल वाचलं.

"हो," त्या म्हणाल्या. "खरं साल कळलं नाही, बरंच झालं."

मावशी जाऊन जमाना झाला. ते साल ठाऊक असलेली माणसं आता उरली तीनच, आणि त्यातल्या दोघी बँकेच्या त्या बाकावर बसलेल्या. मला वाटलं, त्या आता माझ्याकडे संशयाने बघतील. त्यांनी बघितलंही नाही. खातं पुन्हा सुरू करायच्या सह्या केल्या, शाल नीट केली आणि चालू लागल्या.

थोरल्या वहिनी फोनशेजारीच बसलेल्या होत्या. धाकट्या वहिनींनी बूट काढले, समोरची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"ताई, माझी जन्मतारीख कोणाला सांगितलीत?"

"मी? मी कशाला सांगू?"

"ताई."

"दुकानवाल्याला. बक्षीस देतो म्हणाला. तुझ्याच भल्यासाठी सांगितली."

"माझ्या भल्यासाठी तुम्ही 'मी' होऊन बोललात?"

थोरल्या वहिनींनी पदर चाचपला. "तो कापडाचं विचारत होता. तुला आलं असतं सांगता?"

"आणि साल?"

"साल खरं तेच सांगितलं. मी खोटं कशाला बोलू?"

"आणि 'मीच बोलतेय' हे खरं होतं वाटतं?"

मला हसू आवरेना. दोघींनी एकदम माझ्याकडे असं पाहिलं, की मी तोंडावर पदर धरला. मग काय घडलं ते मी बँकेत ऐकलं तसं थोरल्या वहिनींना सांगितलं. ऐकता ऐकता त्या पांढऱ्या पडल्या. पण सालाची गोष्ट आली तशा त्या खुर्चीत ताठ बसल्या.

"म्हणजे खरं साल सांगितलं म्हणून वाचलीस! मी तुझं ते कागदावरचं सांगितलं असतं तर गेलं असतं सगळं. माझे उपकार मान, बये."

धाकट्या वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "आठ दिवसांनी मुलं येतील. त्यांना सांगूया का, काय काय झालं ते?"

थोरल्या वहिनींचा चेहरा पडला. मुलांना कळलं की काय होणार हे आम्हा तिघींनाही दिसत होतं. मुलं रागावली नसती. समजूत घातली असती, ते जास्त वाईट. 'मोठी आजी, तू फोन घेऊच नकोस हं,' असं लहान पोराला सांगावं तसं सांगितलं असतं. ज्या बाईला आजवर कोणी फसवलं नव्हतं, तिच्यावर नातवंडांनी लक्ष ठेवलं असतं. त्या घरात थोरलेपणाशिवाय त्यांच्याजवळ आता दुसरं होतं तरी काय?

"नको," त्या म्हणाल्या. "नको सांगूस."

"नाही सांगत. पण साल खरं आहे ना?"

"आहे."

"म्हणजे मी मोठी."

"वयाने. नात्याने मीच थोरली. थोरलेपण वयावर नसतं."

"मग वय कशाला काढलंत, ताई?" धाकट्या वहिनी उठल्या. "इतकी वर्षं पोटात ठेवलंत ते माझी दया येऊन नव्हे. ते काढलं की मी मोठी ठरते, म्हणून ठेवलंत. आता चोरासमोर काढलंत. हरकत नाही. पण मग आजपासून 'ताई' मला म्हणायचं. 'अगं' नाही, 'ए' नाही. अहो-जाहो करायचं. मुलांना मी अवाक्षर सांगणार नाही."

आणि जिना चढून त्या वर गेल्या.

पुढचे दिवस काय वर्णावे! थोरल्या वहिनींची जीभ 'ताई' म्हणायला वळेना आणि 'अगं' म्हणायची सोय उरली नाही. त्यामुळे धाकट्या वहिनींना काही हाकच राहिली नाही. खोकं आलं की त्या चमच्याने जिन्याचा कठडा ठोकायच्या. नाहीतर मला पुढे करायच्या, "वन्सं, सांगा वर, सामान आलंय." मी भिंतीला धरून तळाशी उभी राहून बोंबलायची. चिठ्ठ्या मात्र त्या आता सोलू लागल्या होत्या. सोलायच्या आणि पुटपुटायच्या, "मोठी झाली म्हणे. मोठी! मी या घरात आले तेव्हा ही शाळेत मार खात होती." मग त्यांना आठवायचं, की तेव्हा ती खरं तर त्यांच्याहून एक इयत्ता पुढे असणार, आणि चिठ्ठीचे आणखी बारीक तुकडे व्हायचे.

मुलं यायच्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी शेजारीच होते. थोरल्या वहिनींनी उचलला आणि माझा हात घट्ट धरला. तोच माणूस होता. मी कान जवळ नेला.

"मॅडम, तुमच्याशी बोलून त्या दिवशी इतकं बरं वाटलं! लोकरीची अशी पारख हल्ली कोणाला असते? फक्त एक छोटी अडचण आहे. साल जुळत नाहीये. कागदावर कदाचित वेगळं असेल का हो? तेवढं सांगितलंत की बक्षीस निघालंच." वहिनींनी फोन कानाला अजून दाबला. "बघा हं मॅडम, आज नाही कळलं तर ते यादीतल्या दुसऱ्या बाईंना जाईल."

दुसऱ्या बाईंना! मी वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत होते. हा चोर आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरीही 'दुसऱ्या बाई' ऐकताच त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. अर्धी हयात त्या दुसऱ्या बाईनेच तर खाल्ली होती. कागदावरचं सालही त्यांना तोंडपाठ होतं. ते त्यांनी मनातल्या मनात हजार वेळा खोडलं होतं.

त्यांनी फोन छातीशी धरला, जिन्याकडे तोंड केलं आणि घसा साफ केला.

"ताई!"

वर काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

"अहो ताई, जरा खाली येता का? तुमचा फोन आहे."

धाकट्या वहिनी उतरल्या. घाई नाही, एकेक पायरी, कठड्यावर हात ठेवून. फोन घेतला.

"हं, बोला. मीच. साल? सांगते ना. पण आधी तुमचं सांगा. तुमचा जन्म कुठल्या सालचा?... बरं, ते राहू दे, आईचं माहेरचं आडनाव काय तुमच्या?... का हो? माझ्या आईचं चालतं आणि तुमच्या आईचं नाही?... हॅलो? हॅलो?" त्यांनी फोन ठेवला. "गेला. बँकेतल्या त्या मुलीला कळवते, पुन्हा आला होता म्हणून. पोलिसांतही सांगून ठेवू."

"गेला?" थोरल्या वहिनी म्हणाल्या. "इतक्यात? तुमच्या पसंतीबद्दल काही बोलला नाही?"

"नाही."

"काहीच नाही?"

"अहो, चोर आहे तो!"

"ते मला माहीत आहे," थोरल्या वहिनी म्हणाल्या, आणि किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "माझ्याशी खूप वेळ बोलला होता. खोदून खोदून विचारत होता. धागा दाताखाली कसा धरायचा, चांगली लोकर कशी ओळखायची, सगळं, सगळं सांगितलं मी त्याला."

धाकट्या वहिनी वर जायला वळल्या होत्या. त्या थांबल्या. त्यांचा आवाज असा फाटलेला मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, बँकेतसुद्धा नाही.

"त्याला सांगितलंत? मी या घरात आल्यापासून विचारतेय. दर सुट्टीला विचारलं, मला न्या बाजारात, मला शिकवा. वन्संना नेलंत. मला म्हणालात, तुला काय कळणार. आणि चोराला सांगितलंत? फोनवर?"

थोरल्या वहिनींनी पायाने समोरची खुर्ची जरा त्यांच्याकडे सरकवली.

धाकट्या वहिनी बसल्या नाहीत. पण वरही गेल्या नाहीत.